पहिला तांब्या लेकुरवाळीला

टण्ण...

न्हाणीत तांब्या पडला.

घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. सासू-सासरे चावडीकडं गेलेले. नवरा पृथ्वीराज दूध संघात कामावर. स्वप्नाली तान्ह्या राजवीरला कुशीत घेऊन पडली होती आणि थोरली राजनंदिनी पायाशी गाढ झोपलेली.

मग तांब्या पाडला कुणी?

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. स्वप्नाली माझी सख्खी मावसबहीण. गोष्ट गेल्या वैशाखातली, भर दुपारची. गाव कागल तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथंच नांदतात. मी तिच्याकडं जाते, जेवते, राहते. पण त्या न्हाणीत आजही पाय ठेवत नाही.

स्वप्नाली उठून बघायला गेली. भरून ठेवलेला तांब्या फरशीवर आडवा झाला होता. घसरायला नको म्हणून तिनं पाऊल जपून टाकलं...

फरशी कोरडी ठणठणीत.

तांब्याभर पाणी गेलं कुठं?

आणि मग तिला ते ऐकू आलं. खालून... फरशीच्या खालून.

चुटू... चुटू... चुटू...

लेकरू पिताना आवाज येतो ना, अगदी तसा.

मोरीचा पाइप असंल, तिनं मनाची समजूत घातली. परत येऊन राजवीरला छातीशी धरलं. घटकाभरापूर्वी पान्ह्यानं गाऊन भिजला होता.

आता थेंब नव्हता.

बाळ ओढत राहिलं, ओढत राहिलं आणि रडायला लागलं.

त्या न्हाणीत पिढ्यान् पिढ्या एक दगड होता. कपडे धुवायचा. धुऊन धुऊन आरशासारखा गुळगुळीत झालेला. घरात लेकरू जन्मलं की त्याला रोज अंघोळ घालायच्या आधी पहिला तांब्या त्या दगडावर ओतायचा. राजनंदिनीच्या वेळी स्वप्नालीनं सासूला विचारलं होतं,

"आत्ती, दगडाला कशाला अंघोळ?"

"लेकुरवाळी हाय ती," विठाबाई म्हणाल्या. "आदी तिला, मग लेकराला. सासूनं सांगितलं, मी घालत आलो. का म्हणून कोण इचारतंय?"

त्या वर्षी गावाला आपला इतिहास जपायची हौस आली. शेतात, गोठ्यात, विहिरीच्या काठाला पडलेले वीरगळ, जुन्या मूर्ती, सगळं गोळा करून चावडीपुढं कट्टा बांधायचा ठरला. पुढारपण स्वप्नालीच्या सासऱ्यांकडं. आण्णा म्हणतात त्यांना. कट्ट्याला दगड हवेत म्हणून गड्यांनी न्हाणीतला दगड उलटा केला, तर खालच्या अंगाला चिखलानं लिंपलेली मूर्ती! हातात बांगड्या ल्यालेली बाई.

आण्णांना आभाळ ठेंगणं झालं. "बघा की! न्हाणीत इतिहास पडलाय, आन् आपण त्येच्यावर चड्ड्या आपटतोय!"

सगळे हसले. स्वप्नालीसुद्धा.

दगड उपटताना पहार लागून एक तुकडा उडाला. मुठीएवढा. चिखलात बरबटलेला.

"जाऊ दे, ढलपा हाय. टाका भरावात," आण्णा म्हणाले.

त्याच भरावावर न्हाणीची नवी फरशी बसली. निळी, चकचकीत. स्वप्नालीला फार आवडली होती.

कट्ट्यावर मूर्तीला ऑइल पेंट लागला. सोनेरी साडी, लालभडक ओठ. पोरांनी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले. दगड गेला तसा पहिला तांब्याही गेला. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आणि मग ती दुपार आली.

दुसऱ्या दिवशीही तेच. पान्हा फुटायचा, छाती भरून दुखायला लागायची. राजवीरला जवळ घ्यायला जावं... की न्हाणीतून आवाज.

चुटू... चुटू...

आणि सगळं रितं.

विठाबाईंनी हळिवाची खीर केली, शेपू खायला घातला, डिंकाचे लाडू वळले. अंगावर दूध येत होतं, नाही असं नाही. पण राजवीरला मिळत नव्हतं. वरचं दूध दिलं तर तो ओकायचा. कागलचा डॉक्टर झाला. मग कोल्हापुरात शाहूपुरीतला मोठा डॉक्टर. सगळे रिपोर्ट चांगले. "आईनं टेन्शन घेऊ नये," एवढंच सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाळाची टाळू आत गेली. रडणं मांजराच्या पिल्लासारखं बारीक झालं. पृथ्वीराज त्याला खांद्यावर घेऊन अंगणात नुसता येरझाऱ्या घालायचा. तो गडी कधी रडलेला कुणी बघितला नव्हता.

एकदा राजनंदिनी न्हाणीच्या दारात फतकल मारून बसलेली दिसली.

"काय करायलीस गं हितं?"

"गप, आई," तिनं तोंडावर बोट ठेवलं. "ते प्यायलंय."

स्वप्नालीनं लेकीला उचलून आत आणलं. घर तेच. सासर तेच. बदललं काय होतं?

दगड!

तिनं तांब्या भरला. मूर्तीला लावलेल्या रंगाच्या डब्याशेजारी थिनरची उरलेली बाटली होती, ती घेतली. राजवीर कडेवर, राजनंदिनीचं बोट हातात. तशीच भर उन्हात, अनवाणी, चावडीपुढं गेली.

लेकुरवाळीवर तिनं पाणी ओतलं.

पाणी सोनेरी रंगावरून घरंगळून खाली आलं. थेंबभरही आत मुरलं नाही.

तिनं बाळाला राजनंदिनीच्या मांडीवर दिलं. पदर थिनरमध्ये भिजवला आणि रंग घासायला सुरुवात केली.

"आगं ए! खुळी का काय?" आण्णा चावडीतून ओरडत आले. "उद्या उद्घाटन हाय! पावणं येणार हायत!"

"माझं लेकरू वाळालंय, आण्णा. पावण्यांचं तुमी बघा."

सासऱ्यापुढं ती इतक्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती. माणसं जमली. कुणी हसलं. कुणी मोबाइल काढला.

मागून विठाबाई आल्या. आता सासू खेचत नेणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी खाली पडलेलं खापर उचललं आणि सुनेच्या शेजारी बसून खरवडायला लागल्या.

"आगं, तू पण?" आण्णा म्हणाले.

"व्हा तिकडं. चार लेकरं पाजलोय मी. तुमाला काय कळतंय?"

सोनेरी पापुद्रे गळायला लागले. साडी गेली. लाल ओठ गेले. खालचा काळा दगड दिसायला लागला.

दंडाजवळ येऊन स्वप्नालीचा हात थबकला.

मूर्तीचा डावा हात कोपरात वाकलेला होता. कडेवर काहीतरी धरल्यासारखा. पण त्या हातात काहीच नव्हतं... नुसता पांढरा, ताजा तुटलेला खड्डा.

आणि कमरेपाशी, अजून दगडाला चिकटून...

एक इवलंसं पाऊल.

"आगं बया," विठाबाईंच्या हातातलं खापर पडलं. "त्यो ढलपा... आपण भरावात टाकला त्यो..."

आण्णा वाकून त्या रिकाम्या हाताकडं बघायला लागले.

स्वप्नालीनं उरलेलं पाणी ओतलं. दगडानं ते पिऊन टाकलं. बघता बघता. वैशाखातल्या भेगाळलेल्या रानानं प्यावं तसं.

आणि तिला पान्हा फुटला.

तिथंच, भर चावडीपुढं, पदराआड तिनं राजवीरला जवळ घेतलं. त्यानं चाचपडत तोंड लावलं. एक घोट... दुसरा घोट... घशातून उतरताना ऐकू येत होता. विठाबाईंनी हात जोडले. स्वप्नालीचे डोळे वाहायला लागले. माझं बाळ प्यायलं. प्यायलं गं माझं बाळ.

मग राजवीरनं तोंड बाजूला केलं.

आणि तसाच, मांजराच्या पिल्लासारखा, रडायला लागला.

स्वप्नालीनं छाती दाबून बघितली. दुसऱ्या बाजूला धरलं.

थेंब नव्हता.

राजनंदिनी मूर्तीजवळ उकिडवी बसली होती. बोटानं ते दगडाचं पाऊल हळूहळू कुरवाळत होती. तिनं एकदा लेकुरवाळीच्या रिकाम्या कडेकडं बघितलं. एकदा भावाकडं. मग आईकडं मान वर करून, अगदी सरळपणे तिनं विचारलं,

"आई, हिचं बाळ आपल्या घरात हाय... मग त्येला कोण पाजतंय?"