पिसवेच्या पानातलं भोक

बसा. त्या टेबलाला मात्र हात लावू नका, आधीच सांगते. माझी जीभ तिखट आहे, पण उगाच नाही.

आम्ही दोघी बहिणी ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करतो. त्या दुपारी अडीचशे वर्षांपूर्वीचा एक ज्ञानकोश आला होता. त्यातली किड्यांची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. पिसू तर तळहाताएवढी, पायावरचा केस न् केस दिसेल अशी. आणि तिच्या पोटात मसुरीएवढं भोक, खऱ्या किड्याने पाडलेलं.

"किड्याच्या पोटात किडा! चोरावर मोर," धाकटी हसली. मग वाकून तिने भोकाला डोळा लावला. "ताई, आत केवढं खोल आहे गं."

"खोल कसलं? खाली टेबल आहे. चल, खळ घट्ट होतेय. मागच्या खोलीतून पातळ कागद आण."

ती गेली. आमच्यात एक रीत आहे. भोक बुजवण्याआधी पान उजेडाला धरायचं आणि विचारायचं, "आत कोण?" अळी राहिली नाही ना, हे बघायला गुरुजींनी लावलेली सवय. त्या दिवशी मला घाई. खणातच एक तुकडा सापडला. लावला, वर वजन ठेवलं. विचारलं नाही.

मागच्या खोलीतली तिची गुणगुण मध्येच तुटली. जाऊन बघितलं. एकच दार, खिडकी नाही. कागदांची चळत, शिडी, तिच्या चपला. धाकटी नाही.

हाका मारून घसा बसला माझा. मग ऐकू आलं… वजनाखालून. नखाने कागद खरवडावा तसं. वजन उचललं तर खळीचा आंबूस वास, आणि त्यात तिच्या केसांच्या तेलाचा.

"ताई… अंधार झाला गं… हात पसरता येत नाहीत…"

खळ ओली. ओढलं तर पान फाटणार, आणि फाटलं तर तिचं काय होईल? चिमट्याने कणाकणाने तुकडा सोडवला. भोक मोकळं झालं आणि मागचं दार वाजलं. धाकटी उभी होती, हातात पातळ कागद.

मी तिला मिठी मारली, रडले, चार शिव्याही घातल्या. तिने टेबलावरचा ब्रश उचलून खळीत बुडवला.

"बुजवू ना, ताई?"

तेवढ्यात पानातून, अगदी बारीक… "ताई… नको गं… मी अजून इथेच आहे…"

नऊ वर्षं झाली त्याला. मी हे टेबल सोडलेलं नाही. रजा नाही, कुणाचं लग्नकार्य नाही. झोपते तीही पानावर हात ठेवून. आई म्हणते, धाकटी किती शांत झालीय, तूच मेली चक्रम. समोरच्या खुर्चीवर ती बसलेली असते, ब्रश ओला करून. मी भोकाशी तोंड नेऊन बोलते, आतून ती उत्तर देते. रोज थोडं हळू.

परवापासून मात्र आतून दोन आवाज येतात… दुसरा माझा आहे.