अर्धा फेरा तुझा, अर्धा माझा

"हात काढा! आधी हात काढा तिथून!"

मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. तेही जिवाच्या आकांताने ओरडून. प्रेमाची सुरुवात लोक किती हळुवार करतात… माझी अशी झाली.

मी कामावरून परत येत होते. आमच्या इमारतीच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे सगळ्यांच्या गाड्या असतात. त्या शेडमध्ये एका जुन्या निळ्या गाडीचं पुढचं चाक काढलेलं होतं, आणि शेजारी तळमजल्यावरचा नवा भाडेकरू मांडी घालून बसला होता. मांडीत गाडीचा स्ट्रट. चाकाच्या वर असतो तो — मधे शॉकॲब्सॉर्बरचा दांडा आणि भोवती मनगटाएवढी नाही, पण अंगठ्याएवढी जाड स्प्रिंग. आणि हा पठ्ठ्या त्यावर ओणवून, हनुवटी अगदी नटाला टेकवून, वरचा नट पान्याने सोडवत होता!

त्याच्या हातातून पाना गळून पडला. "काय… काय झालं?"

"अजून काही झालं नाही, म्हणूनच ओरडले. त्या नटाने स्प्रिंग दाबून धरली आहे. नट निघाला की स्प्रिंग सुटणार. आणि ती वर येणार तेव्हा वाटेत तुमचं तोंड."

त्याने स्ट्रटकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग स्ट्रट मांडीवरून असा उचलून खाली ठेवला, जणू झोपलेलं तान्हं मूल.

"तुम्हाला कसं माहीत?"

"स्प्रिंगच्या कारखान्यात कामाला आहे. दिवसभर स्प्रिंगा दाबायच्या आणि त्या किती जोरात उसळतात ते मोजायचं. उसळलेल्या स्प्रिंगने भिंतीला पाडलेलं भोक आहे आमच्याकडे. दाखवेन कधीतरी."

"व्हिडिओतला माणूस तर हसत हसत करत होता."

"त्याच्याकडे स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा असेल."

"होता. माझ्याकडे नाही. तेवढा भाग मी… पुढे पळवला."

मला हसू आलं. त्यालाही आलं. तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं मी त्याला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, भुवईवर मैदा, आणि अंगाला व्हॅनिलाचा वास. हा तोच, ज्याला सगळी इमारत केकवाला म्हणते. पहाटेपासून त्याच्या खिडकीतून असा काही सुगंध येतो, की वरच्या मजल्यावर माझी आई कोरडा टोस्ट खाताना उसासे टाकते.

"एवढी घाई कसली? गॅरेजला द्या ना."

"गॅरेजवाल्याने पुढच्या आठवड्याची तारीख दिली. आणि रविवारी ताईचं लग्न." त्याचा चेहरा उतरला. "तीन मजली केक न्यायचा आहे. ही गाडी खड्ड्यात गेली की बैलासारखी उधळते. मागच्या वेळी एक केक पोचला तेव्हा वरचा मजला तळघरात गेला होता. ताईने लहानपणापासून माझे करपलेले केक हसत खाल्ले आहेत हो. तिच्या लग्नात तरी…"

वाक्य त्याने पुरं केलं नाही. मीही विचार पुरा केला नाही. "शनिवारपर्यंत याला हात लावायचा नाही," म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

"लावला तर?"

"तर तुमचा रविवार दवाखान्यात, आणि केक मी खाईन."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या वेल्डिंगवाल्या काकांना गाठलं. भंगारातल्या दोन जाड प्लेटी, मधे मोठं भोक, एका बाजूने खाच — म्हणजे स्प्रिंगच्या वळणात सरकवता येतील — आणि चार कोपऱ्यांना आटे पाडलेल्या चार सळया. वरून नट पिळत गेलं की दोन्ही प्लेटी जवळ येणार आणि मधली स्प्रिंग दबणार. काकांनी भोकं पाडता पाडता विचारलं, "कोणासाठी एवढं?"

"शेजाऱ्यासाठी."

"अस्सं. माझ्या शेजाऱ्याला मी शिडीसुद्धा देत नाही," एवढंच बोलून ते पुन्हा कामाला लागले. माझे कान उगाचच तापले.

शनिवारी सकाळी खाली गेले तर शेडमध्ये चादर अंथरलेली, पाने मापाप्रमाणे ओळीने मांडलेले आणि एका बशीत केकचे कापलेले काठ झाकून ठेवलेले. त्याने बशी पुढे केली. "आधी हे. उपाशीपोटी स्फोट नको."

"स्फोट होणार नाही, मी आहे ना."

"म्हणून तर केक फक्त काठाचा आणलाय. भीती वाटली असती तर मधला आणला असता."

प्लेटी बसवल्या. स्प्रिंगभोवती जाड गोधडी गुंडाळली, स्ट्रटचं तोंड भिंतीकडे केलं. मग मी त्याला समोर बसवलं. "समोरासमोरचे दोन नट तुमचे, दोन माझे. अर्धा फेरा तुम्ही, अर्धा फेरा मी. कोणी पुढे पळायचं नाही. एक बाजू जास्त दबली तर प्लेट तिरकी होईल आणि स्प्रिंग निसटेल."

"म्हणजे तुमच्या तालावर चालायचं."

"जमेल?"

"प्रयत्न करतो. माझी कणीकसुद्धा माझं ऐकत नाही, मला ऐकायची सवय आहे."

अर्धा फेरा तो… अर्धा फेरा मी. पाने कुरकुरत होते. पत्र्यावर बारीक सर येऊन गेली, थांबली. आमची डोकी इतकी जवळ आली होती, की त्याचा श्वास माझ्या कपाळावरच्या बटेला हलवत होता. मी बट मागे सारली नाही. हात ग्रीसचे होते, म्हणून… असं मी स्वतःला सांगितलं.

आणि तेवढ्यात माझ्या बाजूची सळई कटकन वाजली. प्लेट केसभर कलली.

"थांब!"

तो थांबला. जागच्या जागी, पाना हातात तसाच धरून, पापणीही न हलवता. "का?" नाही, "काही होत नाही" नाही. नुसता थांबला.

तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? पण मागे एकाशी माझं जमता जमता राहिलं होतं. त्याच्या मागे स्कूटरवर बसलेली मी म्हणत होते, "थांब, मागचा ब्रेक घासतोय," आणि तो म्हणत होता, "तुला काय कळतंय?" घाट उतरून होईपर्यंत मी देवाचं नाव घेत होते, आणि घरी पोचल्यावर त्याचं नाव टाकलं. आणि हा समोरचा माणूस… माझ्या एका शब्दावर दगडाचा झाला होता.

मी आट्यात अडकलेला लोखंडाचा कीस काढला, थेंबभर तेल सोडलं, नट सरळ केला. "हं. आता चालू दे."

तो हलला नाही.

"काय झालं?"

"तू मला 'थांब' म्हणालीस. 'थांबा' नाही."

"घाईत तोंडातून गेलं."

"मग घाईतच राहू या का?" तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की मला नटाकडे बघावं लागलं. नटाकडे बघणं सोपं असतं. नट परत आपल्याकडे बघत नाहीत.

स्प्रिंग आता स्ट्रटच्या वरच्या नटाखालच्या टोपीत सैल खुळखुळत होती. "आता सोडव तुझा तो वरचा नट," मी म्हणाले. "चेहरा बाजूला ठेवून." त्याने डोळे घट्ट मिटून नट काढला. काहीच झालं नाही. टोपी अलगद हातात आली. त्याने एक डोळा उघडला. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे खिदळलो. त्याने आणून ठेवलेला नवा शॉकॲब्सॉर्बर बसवून स्प्रिंग परत जागेवर जाईपर्यंत दुपार झाली.

"जेवायला वर येणार आहेस की ग्रीसच चाटणार आहेस?" वरच्या गॅलरीतून आई.

"काकू, एक बाजू झाली, एक राहिली!" यानेच उत्तर दिलं.

"मग तू पण ये रे. आणि येताना ते काठ घेऊन ये!"

जेवून दुसरी बाजू केली. तिथलाही गळका शॉकॲब्सॉर्बर गेला, नवा बसला, स्प्रिंग जागेवर आली, दोन्ही चाकं चढली. संध्याकाळी आई मला म्हणाली, "मुलगा वाईट नाही. केक तर मुळीच नाही." मी उगाच नखांतलं ग्रीस काढत बसले. ते निघालं नाहीच.

रविवारी सकाळी त्याने दार वाजवलं. इस्त्रीचा सदरा, केस ओले. "मागच्या सीटवर केकला धरून बसायला कोणीतरी हवंय."

"कोणीतरी?"

"बरं. तू हवी आहेस."

गाडी निघाली. केक माझ्या शेजारी, पांढराशुभ्र, नवरीहून नटलेला. रस्त्यातले खड्डे गाडी अशी झेलत होती, की केकवरची साखरेची फुलं फक्त मान डोलवत होती. मी कौतुकाने वर पाहिलं, तर आरशात त्याचे डोळे.

"समोर बघ."

"समोरच बघतोय."

"आरशात बघतो आहेस."

"आरसा समोरच आहे की!"

आणि धाडकन स्पीडब्रेकर! गाडी उठली, बसली… पुन्हा उसळलीच नाही. मी दोन्ही हात केकभोवती पसरून गोठले होते. तिन्ही मजले जागेवर. फक्त माझी करंगळी खालच्या मजल्यात रुतली होती. ती मी हळूच बाहेर काढली आणि चाटली.

"कसा झालाय?" आरशातून प्रश्न.

"गाडी हळू चालव, सांगते."

हॉलच्या मागच्या दाराशी गाडी थांबली. केक आत गेला, करंगळीच्या भोकावर त्याने एक फूल लावलं. मग आम्ही दोघं बाहेर, गाडीला टेकून. तो चावीशी चाळा करत होता.

"गाडी नीट झाली," तो म्हणाला. "आता तुला खाली बोलवायला… काही कारणच उरलं नाही."

"खरंच."

"विनाकारण बोलावलं तर येशील?"

"विनाकारण? छे."

त्याचा चेहरा भट्टीतून लवकर काढलेल्या केकसारखा मधेच बसला. मला दया आली. "कारण सांगून बोलाव की."

त्याने चावी खिशात टाकली. "कारण… तू आवडतेस. खूप. मंगळवारी ओरडलीस ना माझ्यावर, तेव्हापासून. तुला मी—"

"अरे, इथे काय करताय? फोटो!" नवरीच्या वेषात ताईच धावत आली, मला पाहून डोळे बारीक केले, "अगं, तूच ना ती स्प्रिंगवाली? आठवडाभर ह्याने माझं डोकं खाल्लंय!" आणि दोघांचे हात धरून ओढत आत घेऊन गेली.

आत गोंधळ. फोटोग्राफर खुर्चीवर उभा राहून माणसं हाकत होता, "मुलाकडचे उजवीकडे! मुलीकडचे डावीकडे! पटपट!" सगळे सरकले आणि मधे मी एकटी उभी. नखांत ग्रीस, करंगळीला क्रीम.

"अहो मॅडम, तुम्ही कोणाकडच्या?" फोटोग्राफर ओरडला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोही. त्याचे ओठ काही बोलायला उघडले, आणि मी यावेळी त्याला थांब म्हणाले नाही. मीच आधी बोलले.

"ह्याच्याकडची," मी म्हणाले, आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.