बिनमिठाचा घेवडा

जर्मनीहून फोन आला तेव्हा रादा उंबऱ्यात बसून घेवडा निवडत होती. दुसऱ्या दिवशी सरदार द्रागोयाची पुण्यतिथी. वेढ्यात अडकलेल्या सरदाराने शेवटच्या जेवणाला आपला आवडता घेवडा मागितला. किल्ल्यातलं मीठ संपलं होतं, त्याने तसाच खाल्ला. तेव्हापासून बल्गेरियातल्या त्या डोंगरगावात या दिवशी घेवडा शिजतो तो पुदिना घालून, मिठाशिवाय.

तुमचा मुलगा कालिन बांधकामाच्या परांचीवरून पडला, फोनवरचा माणूस म्हणाला. देह यायला आठवडा लागेल.

संध्याकाळी शेजारची मित्राआजी आली. "या वर्षी राहू दे गं. दुसरी कुणी रांधेल."

"मीच रांधीन."

"डोळ्यांत टिपूस नाही तुझ्या."

"लहानपणापासून सरदारासाठीच रडत आले, आजी. पोरासाठी काय उरणार?"

कालिन दर वर्षी मडक्यात डोकावायचा. म्हणायचा, "आई, सरदारालाही मीठ हवंच असणार. बिचारा लाजत असेल." ती त्याच्या हातावर चापट मारायची. आधी सरदार, मग तू.

रांधणाऱ्या घरात त्या दिवशी मीठ ठेवायचं नाही, म्हणून सकाळी रीतीप्रमाणे तिने मिठाचा डबा मित्राआजीकडे नेऊन दिला. दुपारी धुकं इतकं दाटलं की वेशीवरची, सरदाराचं पान वाढायची खोली हाताला लागली तेव्हाच कळली. दर वर्षीसारखा तिने आत वाडगा ठेवला, बाहेरून कुलूप लावलं, दाराकडे पाठ केली आणि तीनदा नाव घेऊन जेवायला बोलावलं.

तिसरी हाक विरली तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिन्ही वेळा तिने कालिनलाच हाक मारली होती.

आत चमचा वाडग्याला लागला. सावकाश, पुन्हा एकदा. दाराखालून ओल्या सिमेंटचा वास आला. मग चमचा थांबला.

"आई... मीठ."

ती धावत मित्राआजीकडे गेली.

"मीठ दे."

"आज?" म्हातारीने डबा पाठीमागे धरला. "सूर्य मावळू दे, मग ने. सरदाराच्या दिवशी मीठ दिलं तर गाव थुंकेल माझ्यावर."

हात पुढे करून डबा हिसकावणं अवघड नव्हतं. रादा नुसती उभी राहिली. रीत पाळायची चाळीस वर्षांची सवय.

परत येऊन तिने कुलूप काढलं. खोलीत कुणी नव्हतं. वाडगा तसाच भरलेला. फक्त पुदिन्याची पानं वेचून काठावर ओळीने लावलेली, कालिन लावायचा तशी. आणि दाराच्या आतल्या बाजूला, कडीपाशी, ओल्या सिमेंटची पाच बोटं उमटलेली.

सूर्य मावळल्यावर मित्राआजीने डबा आणून दिला. रादाने तो फळीवर ठेवला.

मीठ द्यायचं राहून गेलं.