वळसा घालून

"एक पाऊल मागे घ्या."

आवाज खालून आला. पाटीवालीच्या खांद्यावर बाण रंगवलेल्या पाट्यांची थप्पी, दातांत स्क्रू आणि पोटऱ्यांपर्यंत चिखल. खाली बघायला मान वळेना. तरी तिने एक पाऊल मागे घेतलं, आणि मग दिसलं, की रानाच्या ऐन वाटेवर एक चांगला उंचापुरा माणूस पालथा पडलाय.

पडला बिचारा, असं वाटून ती हात द्यायला वाकली.

"शू... तुमची सावली पडतेय त्याच्यावर."

त्याने बोट दाखवलं. कुजक्या पानांतून करंगळीएवढा कोंब वर आला होता. दोनच पानं — तान्ह्या बाळाने झोपेत मूठ उघडावी, तशी.

पुढे घरी वहिनीने खोदून खोदून विचारलं, की पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा अगदी काय वाटलं गं? पाटीवालीने खरं ते सांगितलं. राग आला. कारण तो माणूस रानाचा राखणदार निघाला, आणि गुडघे झटकत त्याने शांतपणे सांगितलं, की आता वाट इथून वळवावी लागेल. तिच्या सगळ्या पाट्यांवरचे बाण सरळ जात होते.

रान गावाबाहेर, शेतांच्या पलीकडे होतं. चहूकडे नांगरलेली जमीन, दगडी बांध, एक ओढा, आणि त्यांच्या मधोमध हा रुंद पानांच्या झाडांचा पुंजका. कोणी लावलेली नव्हेत, मुळातलीच इथली झाडं. ओढ्यापलीकडे बाहेरून आणून लावलेली सुईच्या पानांची झाडं कवायतीला उभी असल्यासारखी रांगेत होती. इकडची मात्र जागा मिळेल तिकडे रेलून बसलेली, जेवण उरकलेल्या वडीलधाऱ्यांसारखी. लोकांना हे बघता यावं म्हणून वाट खुली होणार होती, आणि बाण लावायचं काम तिच्या दादाच्या पाट्या रंगवायच्या दुकानाकडे आलं होतं. दादाने ते बहिणीच्या गळ्यात मारलं. एका खेपेत उरकेल, म्हणाला.

उरकतंय कसलं. ती पाटीला पांढऱ्या रंगाचा हात मारायची, तो सुकू द्यायची, खडूची दोरी मारून रेघ आखायची, मनगट काठीवर टेकवून बाण रंगवायची, बसने यायची, बांधाबांधाने चिखल तुडवत रानात पोचायची... आणि वाट हललेली असायची. कुठेतरी नवा कोंब, त्याच्याभोवती गोट्यांचं कडं, आणि कड्याला वळसा घालून गेलेली नवी पायवाट. डावा बाण उजवा करा, उजवा सरळ करा. रान एका जागी असतं अशी माझी समजूत होती, असं दादा दर वेळी म्हणायचा.

एकदा तिने राखणदाराला फाडकन विचारलं, की तुमच्या या कोंबांना उगवायला दुसरी जागा मिळत नाही का? तो चिडला नाही. न चिडणं हाच त्याचा सगळ्यात मोठा दुर्गुण होता. नाहीच मिळत, म्हणाला. वर सगळी जुनी झाडं, पानांचं छप्पर दाट. ऊन खाली उतरतं ते वाटेपुरतंच. बी सगळीकडे पडतं, जगतं ते इथे.

"सगळं रान आजोबांचं झालंय," तो म्हणाला. "नातवंडं जपायला नकोत?"

तिने तोंडात आणखी दोन स्क्रू घातले.

पण खेपा घालता घालता तिलाही कोंब ओळखू यायला लागले. बियांतून निघणारी पहिली पानं गुळगुळीत, जोडीने येतात. करवतीसारख्या कडांची पानं मागाहून. बाहेर शेतांवरचा पाऊस कधीचा थांबलेला असला, तरी झाडांखाली तो ठिबकतच राहतो, हेही तिला कळलं. त्या ठिबकण्यात ती खांबाशी पाटी धरून उभी राहायची, आणि तो लांबून डोळे बारीक करून सांगायचा.

"जरा डावीकडे... अजून... आता जास्त झालं."

"पाटी सरळ आहे. तुमची मान तिरकी आहे."

"पाटी बघत नव्हतो."

मग काय बघत होता, हे विचारायला तिने तोंड उघडलं आणि स्क्रू खाली पडला. दोघं वाळक्या पानांत तो शोधत बसले... बराच वेळ. स्क्रू तिच्या बुटाखाली होता. तिला ते माहीत होतं.

शहरातल्या एका मोठ्या पाट्यांच्या कारखान्याने तिला बोलावलं होतं. रानातलं काम संपलं की कळवते, असं ती सांगून बसली होती. एके दिवशी हे तिने राखणदारालाही सांगितलं, सहज सांगितल्यासारखं. तो काहीतरी म्हणेल म्हणून सरळच असलेल्या खांबाला पुन्हा ओळंबा लावत राहिली.

"चांगलं आहे," तो म्हणाला, आणि कुंपण बघायला निघून गेला.

चांगलं आहे म्हणे! घरी येऊन तिने ब्रश इतके आपटून धुतले, की वहिनी बाळाला खांद्यावर थोपटत दारात आली. हळू गं, आत्ता कुठे डोळा लागलाय, म्हणाली. मग सगळं ऐकून घेऊन म्हणाली, की तो माणूसही झोपलेलाच दिसतोय, पण त्याला मात्र उठवावं लागेल.

उठवतेय कशाला. त्याच तिरमिरीत तिने शेवटची पाटी पुरी केली. ओढ्याजवळच्या फाट्यावर ती लागली की काम संपलं, आणि संध्याकाळी शहरात फोन.

ती पोचली, तर राखणदार हात मागे बांधून फाट्यावर उभा. वाट पुन्हा वळलेली. गोट्यांचं कडं.

"आज सुद्धा?" ती म्हणाली.

"आज सुद्धा," तो झाडांकडे बघत म्हणाला.

पाटी खाली ठेवून ती गुडघ्यांवर बसली. कोंबाची पानं करवती कडांची होती, थोराड, आणि माना टाकलेली. गुळगुळीत जोडी कुठेच नव्हती. तिने दोन बोटांनी हलकेच ओढलं. कोंब अलगद हातात आला. खाली सुरीचा तिरका काप.

"याला मुळं नाहीत."

"...नाहीत."

"ही डहाळी आहे. तुम्ही खोचलीत."

"सकाळी." त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पाटी लागली असती, तर काम संपलं असतं."

"मग तोंडाने सांगायचं ना."

"सांगणार होतो. पण तुम्ही रागावलेल्या होतात."

"कधी?"

"नेहमीच."

"मग रागावलेली असतानाच सांगायचं. मी दुसरी कधी असते?"

ओढा वाहत होता. वरून एक थेंब तिच्या मानेवर पडला.

"त्या दिवशी चांगलं आहे म्हणालो ना," तो म्हणाला, "मला अजिबात चांगलं वाटलेलं नाही. आजही वाटत नाहीये."

चेहरा लपवायला काहीतरी हवं म्हणून तिने पाटी वर्तमानपत्रातून सोडवली आणि खांबाला जोडली. हिच्यावर बाण रंगवलेला नव्हता. तो वेगळा कापून, मध्ये एका खिळीवर बसवलेला होता. तिने बोट लावलं, तो गर्रकन फिरला.

"वाट हलली की तुम्हीच फिरवायचा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "सगळ्या पाट्यांना बसेल. मी यायला नको."

तो बाणाकडे बघत राहिला. "किती सोपं आहे. हे आधी नव्हतं सुचलं?"

आता लाल व्हायची पाळी तिची होती.

"...सुचलं होतं."

"कधी?"

"दुसऱ्याच खेपेला."

तो हसला. सावकाश, डोळ्यांपासून सुरुवात करून.

"शहरात मी जाणार आहे," ती घाईघाईने म्हणाली. "ते काम मला हवंय."

"जा की."

"तिकडून इकडे शनिवारी बस असते. सकाळची."

"तुम्हाला काय माहीत?"

"चांगलं आहे म्हणालात ना, त्याच दिवशी चौकशी केली." आणि मग पुस्ती जोडली, "रागाने."

तो पुढे आला. अगदी दोन हातांवर.

"एक पाऊल मागे घ्या," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. तरी त्याने पाऊल मागे घेतलं. तिने बोट दाखवलं. त्याचा बूट पुढे जिथे पडणार होता, तिथे दोन गुळगुळीत पानं जोडीने वर आली होती. खरीखुरी.

"अरे..." म्हणत तो पालथा पडायलाच निघाला. या माणसापुढे आता हात टेकले होते तिने. तिने बाण उजवीकडे फिरवला.

"ते नंतर बघा. आधी वळसा घालून या."

आणि तो वळसा घालून आला.