कारवीमुऱ्याचा बिनतारी फोन

लाइट यायला वेळ आहे, तोवर सांगतो. मघाशी तुम्ही मोबाइल घेऊन खिडकीशी गेलात, हात उंच केलात, डावीकडं सरकलात, मागं आलात, आणि रेंज मिळाली तिथंच खिळून उभे राहिलात. मी तेव्हा मुद्दाम दुसरीकडं बघत होतो. माणूस असा रेंज शोधत पावलं टाकायला लागला की मला बघवत नाही.

एकोणीसशे शहाण्णवचा ऑगस्ट. मी टेलिफोन खात्यात मेकॅनिक होतो, मेढ्यात खोली घेऊन राहायचो. डोंगरमाथ्यावरच्या मुऱ्यांवर, म्हणजे पंधरा-वीस घरांच्या वस्त्यांवर, खांब रोवून तार नेणं जमत नव्हतं. तिथं बिनतारी फोन बसवले होते. परड्यात लोखंडी पाइप, पाइपावर माशाच्या काट्यासारखा अँटेना, शेजारी उन्हावर बॅटरी भरणारी काळी काच, आणि आत भिंतीवर पत्र्याचा डबा. अँटेनाचं तोंड आमच्या एक्स्चेंजच्या टॉवरकडं नीट असलं की आवाज यायचा. जरा हललं की नुसती खरखर.

पावसाळ्यात हे फोन माना टाकायचे. महिना महिना ऊन नाही, बॅटरी भरणार कशी? कारवीमुऱ्याची तक्रार येऊन बारा दिवस झाले होते. गुरुवारी सकाळी भरलेली बॅटरी मिळाली आणि मी पहिल्या एसटीनं निघालो.

फाट्यावर हंबीरराव पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उभे होते. फौजेतले माजी हवालदार, साठीचे. गावाचा फोन त्यांच्याच घरात होता. त्यांनी बॅटरी खांद्यावर घेतली आणि आम्ही चढायला लागलो.

धुकं असं की पुढं चालणाऱ्या हवालदारांची टाचच दिसायची. ओल्या कारवीचा उग्र वास, कुजलेला पाला, पायाला चिकटणाऱ्या जळवा. पाऊस पडत नव्हता, पण झाडांवरून टपटप चाललेली.

"लय वाट बघायला लावलीसा," हवालदार म्हणाले.

"बॅटरीच मिळत नव्हती."

"आमचं जाऊ द्या वो. पर ती साळूबाई... एकुलतं पोरगं, ज्योतिबा, फौजेत, काश्मिराकडं हाय. दर गुरवारी फोन करायचा. आता रोज येती अन् बंद फोन कानाला लावून बसती. म्हनलं, म्हातारे, मेलाय त्यो फोन. तर म्हनती, असूं दे, ऐकू येतंय काय बघते."

साळूबाई हवालदारांच्या ओसरीवरच बसलेली होती. हडकुळी, कपाळ कोरं, लुगड्याचा पदर दोन्ही कानांवरून घट्ट घेतलेला. मला बघून उठून उभी राहिली.

"आज लागंल न्हवं रं लेकरा?"

"लागेल मावशी. बसा तुम्ही."

बॅटरी बदलली. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. अँटेनाच्या केबलच्या तोंडात पाणी शिरलं होतं, ते पुसून, वाळवून, टेप गुंडाळली. तरी फोनमध्ये खरखरच. म्हणजे वाऱ्यानं अँटेना फिरला होता. मी हवालदारांना परड्यात पाइपापाशी उभं केलं आणि डब्याला चाचणीचा फोन जोडला. त्यावरून बेसवरच्या, म्हणजे एक्स्चेंजमधल्या मुख्य सेटवरच्या, माणसाशी सरळ बोलता यायचं. बेसवर त्या दिवशी आकाराम होता, माझा जोडीदार. आठ वर्षं आम्ही एका डब्यात जेवलेलो.

"हॅलो बेस... आकाराम?"

खरखर. मग एकदम जवळून आवाज आला. "बोल गड्या."

"कारवीमुरा. सिग्नल बघ."

"काटा हालत न्हाई अजून. फिरव. डावीकडं."

मी ओरडून हवालदारांना सांगितलं. पाइप कुरकुरला. डब्यावरच्या मीटरचा काटा जरासा उचलला.

"अजून डावीकडं... अजून..."

आमचा टॉवर पूर्वेला. हवालदारांच्या घराचं दार पूर्वेला. आणि अँटेना फिरत फिरत घराच्या पाठीमागं चालला होता. पश्चिमेला नुसती दरी, तिच्या तळाला धरणाचं पाणी, त्यापलीकडं रान. तिकडं ना गाव, ना टॉवर.

"आकाराम, हा उलटा चाललाय."

"डोंगराला आपटून येतोय सिग्नल. धुक्यात हुतं असं. तू फिरव."

असं होतंही कधीकधी. डोंगरावर आपटून आलेल्या सिग्नलवर मी पूर्वी दोन फोन चालवले होते. म्हणून मी फिरवत राहिलो. काटा चढत गेला. कारवीमुऱ्याला तो कधी निम्म्यापुढं गेला नव्हता. त्या दिवशी पार शेवटाला जाऊन टेकला आणि तिथंच थांबला.

"बास," आवाज म्हणाला. "हितंच आवळ. पक्का आवळ."

मी स्वतः परड्यात जाऊन नट आवळले. आत आलो तोवर फोन वाजायला लागला होता. हवालदारांनी उचलला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आरं ज्योतिबा! कसा हाईस रं? थांब, थांब... साळूबाई, आगं लवकर ये!"

म्हातारी धडपडत आली. दोन्ही हातांनी फोन धरला. ती बोलत कमी होती, ऐकतच जास्त होती.

"व्हय बाळा... जेवलास का?... का रं? काय झालं?... इतकं गार?... मग घोंगडं न्हाई दिलं व्हय रं कुनी?..."

मी हत्यारं गोळा करत होतो. कुणाच्या घरचं बोलणं ऐकू नये, पण खोली एवढीशी. बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, "येते की. तू सांग कवा यायचं ते."

फोन ठेवला. डोळे पुसले. माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. "कसा सपष्ट आवाज आला बघ," ती म्हणाली. "जनू शेजारी उभा ऱ्हाऊन बोलतुया."

त्या दिवशी डोंगर उतरताना मी खुशीत होतो. खरं सांगतो, नोकरीत असे दिवस थोडेच आले.

एक्स्चेंजवर पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. आकाराम ओलाचिंब होऊन बाकावर बसलेला, हात ग्रीसनं काळे.

"एवढा वेळ कुठं मेला हुतास?" तो म्हणाला. "मी एकटा टॉवरवर लटकतोय."

"टॉवरवर कशाला?"

"सकाळी नवाला वीज पडली की. बेस जळाला. आठच्या आठ मुरं बंद. आत्ता कुठं चालू झालंय."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय ते. मी म्हणालो, "अरे, बाराच्या सुमाराला तू माझ्याशी बोललास. अँटेना फिरवायला लावलास."

आकारामानं माझ्याकडं बघितलं. चेष्टा असेल म्हणून हसायला लागला, आणि मग हसू तसंच अर्धवट राहिलं. "नागसेन, बाराला मी टॉवरच्या शेंड्यावर हुतो. खाली बेसला करंटच न्हवता."

मी बसलो. त्यानं पाणी दिलं. मग खिशातून एक ओलसर कागद काढला.

"ही तार पोस्टातनं आणून दिली. पोस्टमन म्हनला, धुक्यात वर जायला धजत न्हाई, तुमचा माणूस जाणार आसंल तर द्या. कारवीमुऱ्याचीच हाय."

तार साळूबाईच्या नावची होती. चौकीवर दरड कोसळून ज्योतिबा गेला होता. मंगळवारी.

मी दोनदा वाचली. मंगळवार. आणि गुरुवारी हवालदारांनी त्याला नावानं हाक मारली होती, आणि तो बोलला होता.

रात्रभर डोळा लागला नाही. एकच मनात, ती म्हणाली होती, "येते की."

सकाळी आकारामानं चहा करून दिला आणि स्वतः बेसवर बसला. मी पहिल्या गाडीनं गेलो. चढावर पळत होतो, थांबत होतो, पुन्हा पळत होतो. धुकं कालच्याहून दाट. हवालदार अंगणातच उभे होते.

"साळूबाई कुठंय?"

"तुमास्नी कुनी सांगितलं?" त्यांचा आवाज बसला होता. "उजाडायच्या टायमाला फोन वाजला. तीच दारात उभी हुती, तिनंच उचलला. मी आत चूल पेटवाय गेलो, बाहीर येऊन बघतो तर बाई न्हाई. घरी बी न्हाई, पान्यावर बी न्हाई..."

मी परड्याकडं बघितलं. अँटेना मी आवळला होता तसाच, धुक्यात रोखलेला. जिकडं तो रोखला होता तिकडं कारवीच्या दाट झाडोऱ्यातून नुकतीच वाट मोडली गेली होती. सरळ. कुठं दगड आला, काटे आले, तरी वळली नव्हती.

आम्ही त्या वाटेनं गेलो. तीनशे पावलांवर झाडी संपली आणि उघड्या कातळाचा ओला वास आला. वारा खालून वर येत होता. म्हणजे पुढं जमीन नव्हती.

ती तिथं उभी होती. अगदी काठावर. पाठमोरी. उजवा हात कानाशी, मूठ वळलेली, जणू फोन धरलाय. एक पाऊल पुढं सरकवलं, थांबली, ऐकलं.

"आता?" ती म्हणाली. "...अजून? ...बरं."

माझ्या तोंडून हाक निघाली असती, पण हवालदारांनी माझं तोंड दाबलं. खाली वाकून, हातापायांवर, आवाज न करता ते पुढं गेले. मी आयुष्यात इतका वेळ श्वास धरून उभा राहिलेलो नाही. तिनं पुढचं पाऊल उचललं, आणि त्यांनी मागून कमरेला मिठी मारून तिला कातळावर पाडलं.

ती किंचाळली नाही. रडली नाही. नुसतं म्हणाली, "दोनच पावलं ऱ्हायली हुती वो."

तिला उचलून घरी आणलं. कोरडं लुगडं नेसवलं. तार हवालदारांनीच वाचून दाखवली. वाचताना ते माजी सैनिक ढसाढसा रडले. साळूबाई त्यांच्याकडं बघत राहिली, समजूत घालावी तशी म्हणाली, "आवं, कायतरी चुकलं आसंल त्यांचं. सकाळीच बोलला की माझ्यासंगं."

मी पाना घेऊन परड्यात गेलो. ती माझ्यामागं आली.

"काय करतुस लेकरा?"

"मावशी, अँटेना चुकीच्या दिशेला लागलाय. नीट करतो."

"चुकीचा कसा? फोन येतोय की..." तिनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. "नगं रं फिरवू. पाया पडते तुज्या. त्यो येकटाच हाय तिथं... नगं..."

पहिला नट सैल झाला आणि आत फोन वाजायला लागला.

"उचल रं... कुनीतरी उचला..." म्हातारी आत जायला बघत होती, हवालदारांनी तिला धरून ठेवलं. मी पाइप फिरवायला लागलो. फोन वाजत होता. अँटेना पूर्वेकडं वळत गेला तशी घंटी लांब जायला लागली. बंद नाही पडली, लांब गेली... घराबाहेर, परड्याबाहेर, कारवीच्या पल्याड. मग ती ऐकू येते की येत नाही, ते कळेना. मग नक्कीच येईना.

साळूबाई चिखलात बसली. जमीन बदडत म्हणाली, "तुज्या हातानं तोडलंस रं. तुज्या हातानं."

मी आत जाऊन चाचणीचा फोन उचलला. काटा निम्म्यावर, नेहमीसारखा.

"बोल गड्या," आवाज आला.

कालचेच शब्द. मी विचारलं, "सकाळी चहा कशात दिलास मला?"

"आँ? कान तुटलेल्या कपात. का रं?"

मी तिथंच जमिनीवर बसलो.

पुढं ज्योतिबाची ट्रंक आली. गावानं दिवस घातले. फोन नीट चालू राहिला. साळूबाई मात्र परत कधी फोनपाशी आली नाही. मी बॅटरी बदलायला वर जायचो तेव्हा ती मला बघून दार लावून घ्यायची. तिच्या जागी मी असतो तर मीही लावलं असतं. जीव वाचवला असं लोक म्हणायचे. ती तसं म्हणत नव्हती, आणि वाचलेला जीव तिचा होता.

दोन वर्षांनी, अठ्ठ्याण्णवच्या थंडीत, हवालदारांनी निरोप पाठवला की साळूबाईनं अंथरूण धरलंय आणि तुम्हाला बोलावतीय. मी गेलो. खोलीत चिमणी जळत होती, रॉकेलचा वास कोंडलेला. तिनं मला जवळ बसवलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"राग न्हाई बाळा आता," ती म्हणाली. "येक सांगायचं ऱ्हायलं हुतं. तवा रागात सांगितलं न्हाई."

"सांगा मावशी."

"त्या सकाळी ज्योतिबा म्हनला, आई, लवकर बोल. माज्या मागं लय मोठी रांग हाय. सगळ्यास्नी फोन करायचाय... आनि म्हनला, माज्या मागला मानूस लय घाई करतुया. म्हनतुया, तुजं झालं की मला दे. मला कवठे महांकाळच्या नागसेनशी बोलायचंय. त्यो हितं वर आला हुता म्हनं काल."

ती दमली. डोळे मिटले.

मी कवठे महांकाळचाच. पण मेढ्यात सगळे मला सांगलीचा म्हणून ओळखायचे. गावाचं नाव मी त्या डोंगरावर कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि शहाण्णव साली आमच्या घरातलं, भावकीतलं, माझ्या ओळखीचं असं कुणीच गेलेलं नव्हतं.

मी विचारलं, "मावशी, नाव सांगितलं का त्यानं?"

तिनं मान हलवली. सांगितलं म्हणून हलवली की नाही म्हणून, ते चिमणीच्या उजेडात मला नीट दिसलं नाही.