मातीच्या घोड्याचा कान

"अजून एक डबा, मग झोपा," आत्या म्हणाली. तिचेच डोळे मिटत होते. आत्या इतिहास शिकवायची. सुट्टीत भाचरांना रेल्वेने देश दाखवायचा, असं तिनं ठरवलं होतं. किल्ले, लेणी, राजवाडे बघून टिचकी आणि तिचा धाकटा भाऊ भोंगा यांचे पाय गळून गेले होते.

गाडीचा शेवटचा डबा म्हणजे फिरतं प्रदर्शन होतं. पहिल्या दिवशी दमलेली टिचकी तिथल्या बाकावर बराच वेळ नुसती बसून राहिली होती. समोरच्या काचपेटीत मातीचा प्राचीन घोडा होता. पुढच्या स्टेशनावर तो त्याच्या मूळ गावाला परत द्यायचा होता.

आज ती बघतच राहिली. "भोंग्या, याचा डावा कान तुटका होता ना?"

"तुला झोप आलीय."

"झोप आलीय, पण कान आला कुठून?"

भोंगा पेटीला नाक लावून उभा राहिला. "अगं, असेच घोडे मघाशी फलाटावर विकत होते. मी घेतलाय एक."

टिचकीची मरगळ थोडी उतरली. "आण तो."

तिनं तो काचपेटीसमोरच्या बाकावर ठेवला आणि दाराशी पेंगणाऱ्या राखणदाराला हाक मारली. "काका, एक घोडा बाहेरच राहिलाय."

राखणदार दचकून उठला. बाकावरचा घोडा पाहून त्याचा चेहरा उतरला. तो कोपऱ्यातल्या आपल्या पेटीकडे धावला, झाकण उघडलं आणि आतली शाल चाचपू लागला. शालीत घोडा होता, दोन तुकड्यांत.

मागून आत्याचा आवाज आला, "हे काय आहे?"

राखणदारानं तुकडे बाहेर काढले. "पुसायला काढला होता, बाई. तेवढ्यात गाडीला हिसका बसला. प्रदर्शनाच्या साहेबांना सांगायला गेलो, तर ते घोरत होते. मग धीरच झाला नाही."

"आणि त्या गावाला बाजारातला घोडा दिला असता?" टिचकीनं विचारलं.

आत्यानं साहेबांना उठवलं. पुढच्या स्टेशनावर गावकरी हार घेऊन उभे होते. साहेबांनी चाचरत सगळं खरं सांगितलं. गावच्या सरपंचबाईंनी ते तुकडे पदरात घेतले.

"जमिनीतून निघाला तेव्हा याहून जास्त तुकडे होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा सांधला, आताही सांधू. खोटा आला असता, तर मात्र आम्ही त्यालाच जपत बसलो असतो." त्यांनी टिचकीच्या पाठीवरून हात फिरवला. "शाबास, पोरी. नजर चांगली आहे तुझी."

गाडी सुटली. आत्या म्हणाली, "मी तुम्हाला पळवत सगळं दाखवलं. तू मात्र एकच गोष्ट नीट पाहिलीस. उद्याचा किल्ला रद्द."

दोघंही तिच्या खांद्यांवर डोकं टेकून केव्हाच झोपली होती.