सोंग उतरवताना

कापूस संपला होता, म्हणून सरांनी सविताला आल्या आल्याच मेडिकलात पिटाळलं. नाशकात गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत, जुन्या बंगल्यात ही कार्यशाळा. फाटकी चित्रं, मोडके देव, वाळवी लागलेल्या चौकटी, जे जे मरायला टेकलंय ते धरून कसं ठेवायचं, हे तिथं शिकवायचे. काडीला कापूस गुंडाळायचा आणि कणाकणानं मळ काढायचा. आत शिरलं की स्पिरिट, सरस आणि डांबरगोळ्यांचा वास नाकात असा बसायचा, की घरी जाऊन भाकरी खाल्ली तरी तिला तीच चव.

सरांची एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की मधल्या बोटाच्या नखानं तिच्यावर टकटक करायचे आणि मान वाकवून कान लावायचे. आतून पोखरलेलं असेल तर आवाज पोकळ येतो. "वस्तू बोलते पोरींनो, ऐकणारा पाहिजे," म्हणायचे. आणि दुसरं वाक्य तर ऊठसूट: "जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे. न निघणारी दुरुस्ती म्हणजे गुन्हा."

सविता खाली मान घालून ऐकायची. मनात म्हणायची, ऐकतेय सर. सगळं ऐकतेय.

कारण सविता काही कापूस गुंडाळायला आली नव्हती. ती आली होती कपाटातल्या एका मुखवट्यासाठी.

पेठच्या पलीकडं डोंगरात तिचं गाव. तिथं बोहाडा होतो. देवादैत्यांचे मुखवटे घालून संबळाच्या तालावर माणसं उजाडेपर्यंत नाचतात. एकेक सोंग एकेका घराचं. त्राटिकेचं सोंग सविताच्या घराचं, तिचा बा बुधा ते नाचवायचा. उंबराचं लाकूड, लाल जीभ, वटारलेले डोळे. आणि त्या सोंगाचा एक नेम होता. उतरवताना घरच्या माणसानं आधी नावानं हाक मारायची, "बुधा, ये रं घरला." आतून "ओ" आला की मगच दोरी सोडायची. नाहीतर तोंड तेवढं बाहेर येतं, माणूस आत राहतो.

एका साली नाचता नाचता मुखवट्याचा जबडा तडकला. नाशकाहून फोटो काढायला आलेला एक साहेब कळवळून धावला. "अरे, तुकडा पडेल, तुकडा पडेल!" करत त्यानं बुधाच्या तोंडावरून मुखवटा ओढून काढला. तानुबाईच्या, म्हणजे सविताच्या आयच्या, तोंडातली हाक तोंडातच राहिली.

मुखवटा दुरुस्तीला म्हणून साहेबानं नेला. नेताना तानुबाईनं त्याला सुपातल्या तांदळावर हात ठेवायला लावला आणि पुरं नाव वदवून घेतलं. "मी पुंजाराम काशिनाथ, नीट करून परत आणीन." परत कोण येतंय? ना साहेब आला, ना मुखवटा.

आणि बुधा ओ देईना. ओट्यावर बसून राहायचा. घास भरवला तर गिळायचा. पण बुधा म्हटलं की दुसऱ्याच कुणाला बोलावलंय असा मागं वळून बघायचा. भाताची लावणी चालली होती, सगळी माणसं चिखलात होती, तेव्हा बसल्या जागी गेला.

तो साहेब म्हणजेच हे सर. दारावरच्या पाटीवर नुसतं पी. के. लिहिलेलं. पुंजाराम हे नाव शहरात लाज आणत असेल. सविताला त्यांनी ओळखलं नाही. ओळखतील कसे? त्या रात्री त्यांनी माणसं बघितलीच नव्हती, लाकूड तेवढं बघितलं.

एकदा तिनं विचारून पाहिलं होतं, "सर, हा मुखवटा गावाला कधी द्यायचा?"

"गावाला?" सर हसले. "चुलीच्या धुरात टांगतील आणि वाळवीला घालतील. इथंच बरा आहे तो." बोलता बोलता त्यांनी कापसाची काडी जिभेवर फिरवली आणि त्राटिकेचा गाल पुसला. "असा मळ काढायला थुंकीसारखं औषध नाही, लक्षात ठेवा."

सविताच्या अंगाची आग झाली. ज्या तोंडाला आय आंघोळ केल्याबिगर शिवत नव्हती, ते हा थुंकीनं पुसतोय! ती मुखवटा उलटा धरून आतली बाजू झाडायला लागली. तिथं तिच्या बोटांना ऊब लागली. ओली ऊब. कुणी तोंड जवळ आणून श्वास सोडावा तशी. आणि वास... बाच्या तंबाखूचा.

तर त्या दिवशी ती कापूस घेऊन परत आली, तेव्हा भर दुपारी खिडक्यांना काळे पडदे लावलेले. सर जांभळा दिवा दाखवणार होते. त्या दिव्याखाली जुना रंग दुधासारखा चमकतो आणि नवी दुरुस्ती काळी दिसते. पोरी टेबलाभोवती उभ्या. दिवा लागला. त्राटिका उजळली, जबड्यावर तेवढी एक काळी रेघ.

"बघा," सर खुशीत म्हणाले, "दिव्याखेरीज हा जोड कुणाच्या बापाला दिसणार नाही."

बाप हा शब्द सविताला नेमका लागला. ती सावकाश म्हणाली, "सर, टेबलावर टिकला म्हणजे काय टिकला? तोंडावर बसला तर खरा."

"हो सर, घालाच," उज्ज्वला म्हणाली. ही सिडकोतली, तोंडाची फटकळ. "नाहीतरी काम बिघडलं की तुम्ही अस्सेच दिसता."

सगळ्या खो खो हसल्या. सरही हसले आणि त्यांनी मुखवटा तोंडाला लावला. दोरी सवितानं बांधली. तिच्या बाची गाठ असायची, तशीच.

हसू हळूहळू विरलं. कारण सरांचे पाय हलायला लागले होते. एक टाच... मग दुसरी. संबळ कुठं वाजत नव्हता, पण पाय तालात पडत होते.

"सविता..." आतून घोगरा आवाज आला. "काढा... आत कुणीतरी आहे..."

"सर! ओ सर!" उज्ज्वला ओरडली. "अगं सोड ना ती दोरी!"

सर, सर, म्हणून सगळ्याच हाका मारत होत्या. पण सर म्हणजे काही नाव नव्हे. त्या खोलीत खरं नाव एकटीला ठाऊक होतं. पुंजाराम, एवढं म्हटलं की झालं असतं. सविताला बाचं ते मागं वळून बघणं आठवलं. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"जे लावलं ते काढता आलं पायजे, नाय का सर?"

मग मोठ्यानं हाक दिली, "बुधा... ये रं घरला!"

आतून "ओ" आला. जड, खरखरीत. तिच्या बाचा.

तिनं गाठ सोडली. जांभळ्या उजेडात सरांचा अख्खा चेहरा काळा दिसला, नवी दुरुस्ती दिसते तसा. डोळे तिच्यावर ठरले.

"सवे... लावनी झाली का गं?"

"झाली, बा."

तो चेहरा समाधानानं हसला. बानं एक लांब श्वास सोडला आणि तो खाली बसला. तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

त्यानंतर तो मुखवटा कार्यशाळेत कुणी कपाटात ठेवायलाही तयार होईना. आपल्याच गावचा आहे, असं सवितानं सांगितलं. "घेऊन जा बाई तुझ्या गावाला," म्हणाले. पेठच्या एसटीत सवितानं तो लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला. घाट लागला तसं आतून सुरू झालं. टक टक. टक टक.

"ऐकतेय सर," ती हळूच म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

घरी मुखवटा भिंतीला टांगला. टकटक चालूच. "भुंगा लागलाय लाकडाला," तिचा भाऊ किशोर म्हणायचा. सविताला मात्र त्या आवाजात फार गाढ झोप यायची.

बोहाडा आला. आता सोंग किशोरनं नाचवायचं. सविता आडवी आली, "यंदा नको आय, राहू दे."

"का?" तानुबाई म्हणाली. "तुज्या बाचं सोंग हाय. कारन सांग."

कारण काय सांगणार?

किशोर नाचला. लय नाचला. उतरवताना तानुबाईनं रीतसर हाक मारली, "किशोर, ये रं घरला." आतून "ओ" आला, चांगला खणखणीत, किशोरचाच. मग दोरी सोडली. घामाघूम पोर हसत बाहेर आलं, तांब्याभर पाणी प्यालं. सविताच्या जिवात जीव आला.

सकाळी ती त्याला चहा द्यायला ओट्यावर गेली. भिंतीवरचा मुखवटा गप्प होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. किशोर पाठमोरा बसला होता. सदऱ्याची बटणं सोडून, मधल्या बोटाच्या नखानं तो स्वतःच्या छातीवर टकटक करत होता. आणि मान वाकवून ऐकत होता.

सरांचं ते नाव सविताच्या जिभेवर आलं. तिनं दातांनी ते तिथंच धरलं.

हाक मारली, आणि "ओ" आला तर?